दोन्ही बाजूंची मजुरी

चुंबक लावून बघा, म्हणाला भंगारवाला,
आणि मी पर्समधून काढलं
गॅस एजन्सीने फुकट दिलेलं, सिलिंडरच्या आकाराचं.
ते घसरलं, त्याच्या चपलेवर पडलं.
अस्सल स्टेनलेस, बाई. जहाजाच्या भटारखान्यातलं.
जहाज कुठलं ते विचारू नका.

टेम्पोने मांगोर हिलचा चढ दोनदा बंद पडून चढला.

अस्सल, तरी डाग होतेच,
कपबशीत राहिलेल्या चहासारखे;
खालच्या कप्प्याला तर पुरळ उठलेलं.
मला हवा होता फिकट हिरवा रंग,
आत रिळं, बक्रम, हुकांच्या पुड्या,
आणि गिऱ्हाइकांनी विसरलेली मापाची पोलकी.

झेफेरीन आला रविवारी, मिस्सा आटोपून,
इस्त्रीचा शर्ट काढून खिळ्याला लावला.
एकतीस वर्षं गोदीत जहाजांच्या पोटाला रंग दिलेला माणूस.
पाण्याखालचं काम, बाये, कोण बघतो?
कालवं बघतात.
नखाने दारावर टकटक केली, मान हलवली.
हें रंग घेना.
लई गुळगुळीत. आधी याचा तोरा उतरवायचा.

मग एकशेवीसचा पॉलिश पेपर, मग दोनशेवीसचा,
एकाच दिशेने, घाई न करता.
दारं दोन, माणसं दोन.
दुपारी चारच्या सुमाराला
माझा चेहरा माझ्या दारातून पुसला गेला होता.

थिनरचं फडकं आतून फिरवताना
बोटांना लागल्या रेघा.
चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी.
सुरीच्या टोकाने असाव्यात.
मी मोजल्या. दोनशे अठरा.
शेवटच्या जुडीत तीनच,
आणि खाली एक शब्द, जिलबीसारख्या गोल लिपीत.

बटाटे सोलता सोलता, मी म्हटलं,
कोणी घरी जायचे दिवस मोजले असतील.
तांदळाच्या गोणी मोजल्या असतील, झेफेरीन म्हणाला.
त्याचा धाकटा जहाजावर आहे, कार्निव्हाल झाल्यावर गेलेला.
त्याने पेपर खाली ठेवला
आणि सिगारेट ओढायला गेला, थिनरपासून लांब,
पार रस्त्यापलीकडे.

एच प्राइमर आंबुस वासाचा, पाण्यासारखा पातळ.
त्यावर हिरव्याचा पहिला हात.
बाल्कनीत सुकायला ठेवलं, सकाळी बघते तर
हिरव्यावर काळे तीळ.
रात्री धक्क्यावर कोळसा उतरला होता.
बारा वर्षं इथे वाळत घातलेले परकर झटकतेय मी,
आणि हे मला सुचू नये!

पुन्हा घासलं.
दुसऱ्या हाताला मच्छरदाणी लावली.
आत कपाट, ताप आलेल्या पाहुण्यासारखं.
तीळ कमी झाले. एक चिलट मात्र डकलं.
तिसऱ्या खेपेला झेफेरीन वेगळाच डबा घेऊन आला, राखाडी.
हा बंदराचा रंग. यात काय पडलं ते दिसत नाही.
मी म्हटलं, दिसू दे.
तो बराच वेळ डब्याचं झाकण बंद करत राहिला.

आता ते शिलाई मशीनच्या बाजूला उभं आहे.
गिऱ्हाइकं विचारतात, ही ठिपक्यांची फिनिश कुठे मिळते?
मुरगावात, मी सांगते, रात्री. फुकट.

उजव्या दाराची आतली बाजू तशीच ठेवली, उघडी.
तिची मजुरी झेफेरीनने कापली नाही.
दोन्ही बाजूंची घेतली, मोजून,
वर टेम्पोचे चाळीस.

मागच्या आठवड्यात आला, पँटची चेन बदलायची म्हणून.
चहा घेऊन बाहेर आले तर दार उघडं,
चष्मा कपाळावर, बोट रेघांवर,
ओठ हलत होते.
मी दिसले तशी बोट खिशात गेली.
गोणीच, म्हणाला.
मी म्हटलं, हो, गोणीच असतील.
साखर किती?