जमिनीलगतचे आरसे

हे पूर्वी टॅकेटचं बुटांचं दुकान होतं.
मी तेव्हाही इथेच, बावीस वर्षं,
स्टुलावर बसून लोकांची पावलं मोजत.
हिकरी लिकमधल्या माणसांची नावं मी विसरते,
नंबर नाही.
पोस्टमास्तर नऊ, रुंद.
पाद्रीबाबांचा डावा पाय उजव्याहून अर्ध्या नंबरानं मोठा,
हे त्यांच्या बायकोखालोखाल मलाच ठाऊक.

खाण बंद पडली, मग दुकान.
डॉक्टर दोन्हींच्या आधीच गेला होता;
त्याची पाटी कुणीतरी कोंबड्यांच्या खुराड्याला ठोकली.
तेव्हापासून आजारी पडणं म्हणजे
सत्तर मैल डोंगररस्ता,
पेट्रोलपुरते उसने पैसे,
आणि शेवटी काचेपलीकडच्या बाईचा पहिला प्रश्न: विमा?
लोक दुखणं अंगावर काढू लागले.
ते काही शिकवावं लागत नाही.

मग एका मार्चमध्ये सुतार आले.
फळ्या काढल्या, पडदे लावले, वजनकाटा आणला.
आरसे तेवढे उरले,
भिंतीच्या पायथ्याशी, तिरके,
ज्यांत माणूस घोट्यापर्यंतच दिसतो.
काढू का, सुतारानं विचारलं.
ओलीटा स्लोन, आमची डॉक्टरीण, इथलीच
(तिचे शाळेचे पहिले बूट मीच चढवले होते, लाल, बक्कलवाले),
खुर्चीवर टेकली, मोजा काढला,
तळवा आरशापुढे धरला आणि म्हणाली,
राहू देत.
शुगरवाल्यांना वाकवत नाही,
तळवा वर्षानुवर्षं दिसत नाही त्यांना.

आता मला निळा कोट आहे,
तीन महिन्यांच्या शिक्षणाचा कागद आहे,
आणि मासे पकडायच्या दोरीसारखा
नायलॉनचा एक आखूड तंतू.
डोळे मिटा. टेकलेलं कळलं की हो म्हणा.

व्हर्लिन स्टिडम. साडेदहा. पोलादी टोकाचे.
अकरा वर्षांत डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही.
आमची व्हॅन तीनदा त्याच्या दारात गेली,
तीनदा तो म्हणाला, कुत्रं आजारी आहे.
चौथ्यांदा ड्रायव्हर म्हणाला, मग त्यालाही घ्या.
ते आता उंबऱ्याशी पसरलंय.

फुकट नको, व्हर्लिन म्हणाला.
फुकट नाहीच, म्हटलं, मिळकतीप्रमाणे. तुमचे चार डॉलर.
त्यानं पाचाची नोट ठेवली
आणि एक परत हातात पडेपर्यंत
काउंटरपासून हलला नाही.

डोळे मिटले.
अंगठ्याला तंतू. हो.
टाचेला. हो.
चवड्याला. हो.
मग मी तंतू हवेतच धरला,
कुठेच टेकवला नाही.
हो, म्हणाला व्हर्लिन,
खाणीच्या तोंडाशी हजेरी द्यावी तसं, ठणठणीत.

खोट्याचा आवाज मला ओळखू येतो.
चामडं सैल होईल, दोन दिवस घाला,
असं म्हणून चावणारे किती जोड
मीच लोकांच्या गळ्यात मारलेत.

पाय उचलून आरशाकडे वळवला.
उघडा डोळे.
करंगळीच्या मुळाशी, काळ्या पडलेल्या कातडीत,
एक चपटं, चकचकीत गोल.
छपराच्या खिळ्याचं डोकं.
कधीपासून, कोण जाणे.

तो बराच वेळ बघत राहिला,
शेजाऱ्याच्या पडक्या कुंपणाकडे बघावं तसा.
हा माझा?
साडेदहा, मी म्हटलं. तुमचाच.

वाटलं, आता हा काढता पाय घेणार.
नाही घेतला.
मी ओलीटाला हाक मारली.
ती येईपर्यंत पाय माझ्या मांडीवर होता,
दुकानात असायचा तसाच, जड, उबदार,
फक्त विकायला माझ्याकडे काही नव्हतं.

कुत्रं उठून आत आलं,
आरशासमोर उभं राहिलं, भुंकलं.
त्यात पुरतं मावणारं
इथे तेच एकटं.