मोजदाद

पावणेपाचला ती माझ्या घोट्याशी येते.
चावत नाही. दातांनी फक्त विचारते.
मी म्हणते, मिरे, अजून अंधार आहे.
तिच्या जातीला अंधार माहीत नाही,
गुरं माहीत आहेत,
आणि गुरं आमच्याकडे नाहीत.
आमच्याकडे वारज्यातला चौथा मजला आहे,
दोन खोल्या, एक गॅलरी, गॅलरीत कढीपत्ता.

राखाडी अंगावर भरडल्या मिऱ्यांचे ठिपके,
म्हणून मिरी. नाव विहंगनं ठेवलं.
आणलंही त्यानंच, बुटाच्या खोक्यातून,
"आई, शांत असतात गं या."
आता तो बंगळूरला आहे.
फोनवर तिला हाक मारतो,
ती उठून फोनच्या मागे जाऊन बघते.

डॉक्टर कुरेशी म्हणाल्या,
नुसते पाय दमवू नका, डोकं दमवा हिचं.
मग मी जुन्या पंचात खाणं बांधून गाठी मारते,
वाटीत दही गोठवते, सोफ्याखाली गाजर लपवते.
गाठी सुटायला चार मिनिटं लागतात.
मला मारायला सहा.
वेताळ टेकडीवर मी धापा टाकत चढते,
ती मागे येऊन मला हाकते.
घरी आल्यावर चष्मा लावून, चिमट्यानं
पंजातली कुसळं काढायची, एकेक.
तेवढाच वेळ ती कुणाची तरी असल्यासारखी बसते.

दुपारी मीटिंग. पडद्यावर माझा बाण फिरतो,
ती टेबलाला हनुवटी टेकून
त्याला कोपऱ्यात जायला सांगते.

तळमजल्यावर अन्वीचा वाढदिवस होता.
संगीत खुर्ची सुरू झाली, आणि दोन मिनिटांत
अकरा मुलं फ्रिजशेजारी मांडी घालून बसलेली,
कुणी रडलं नाही, कुणाला ओरखडा नाही.
बारावं बाथरूममध्ये होतं.
मिरी दाराबाहेर उभी राहिली,
ते हात पुसत येईपर्यंत.
दुसऱ्या दिवशी फळ्यावर घाटपांडे यांच्या अक्षरात:
'श्वानांनी मुले गोळा करू नयेत.'
मी तिला वाचून दाखवलं.

मग जानेवारीत, शिवण्याच्या पुलाखाली
नदीतून म्हशी वर येत होत्या.
पट्टा कधी सुटला मला कळलं नाही.
तिनं जन्मात म्हैस पाहिली नव्हती,
पण पोट जमिनीला लागलं, कान मागे गेले,
आणि ती चाललीच नाही, ओतली गेली गवतातून.
शेवटच्या म्हशीच्या खुराला एक चिमटा.
म्हशीनं वळून पाहिलं,
बँकेत जेवणाच्या सुट्टीत आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं.
मग लाथ.
मिरी त्याआधीच जमिनीला सपाट.

"कुनी शिकवलं हिला?" हौसाबाई दांगट, काठीवर हनुवटी ठेवून.
कुणी नाही, मी म्हटलं.
"रिकामी हाय ती. रिकामं ऱ्हायलं की मानसाचं बी असंच व्हतं."
हे तिच्याकडे बघून म्हणाल्या की माझ्याकडे,
ते मी अजून ठरवलेलं नाही.

आता रविवारी जातो आम्ही.
चौदा म्हशी, त्यातली एक लंगडी,
लंगडीला ती चिमटा काढत नाही, नुसती मागे चालते.
पाच-सहा चुका करते, शिव्या खाते.
येताना मी एक लिटर दूध घेते,
हौसाबाई पैसे मोजून घेतात, रुपयाही सोडत नाहीत.

घरी आल्यावर शेणाचा वास,
बादलीभर काळं पाणी, आणि मग
मिरी दाराशी आडवी पडते,
विहंगच्या जुन्या चपलांवर मान टाकून.
एक डोळा माझ्यावर. मी, एक.
बराच वेळ ती पुढचा आकडा शोधत असावी.
मग तो डोळाही मिटतो,
मागचे पाय झोपेत नदीकाठ पळतात.

चार वाजलेत. चहा हवाय.
पण मी उठले की ती उठेल.
बसून राहते, पाय खुर्चीवर घेऊन.