मुद्देमाल

पहिल्या मसुद्यात मी तुम्हाला एक चिमणी दिली होती, हणमंतराव.
येरवड्याच्या बराकीत गजांतून येणारी,
तुमच्या हातची भाकर टिपणारी.
तुम्ही चष्मा वर सरकवून म्हणालात,
"चिमणी नव्हती. ढेकूण होते."
खोडली.

मग तुम्हाला सोशिक केलं.
वाचकाला माणूस आधी आवडावा लागतो,
मग तो सुटावासा वाटतो.
दापोडीच्या खोलीत गवार मोडत शेवंताबाई हसल्या :
"हा? सोशिक?
बापाच्या तेराव्याला थोरल्याचं डोकं फोडलंय यानं,
सोळाशे रुपयांपायी."
तुम्ही नाही म्हणाला नाहीत.

ते मी ठेवलं. मग रात्री पुन्हा दोषारोपपत्र उघडलं,
आणि तिथेही तेच डोकं, तेच सोळाशे :
"सदर आरोपी हा तापट स्वभावाचा असून..."
माझ्या आधी तुम्हाला लिहिणारा एक हवालदार होता.
त्याच्या गोष्टीत सगळं होतं, उधारी, बाचाबाची,
टेम्पोच्या सीटखाली सापडलेला पाना.
एक टाका उसवलेला नाही.
माझ्याकडे मात्र तुमची ती रात्र आहे :
गुलटेकडी, कांद्याच्या गोणी, हमाल यायचे होते,
तुम्ही स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपलात.
एवढंच.
झोपेला पंच मिळत नाहीत.

पंच मिळाला तो पानाच्या जप्तीला. शेलार, रसवंतीवाला.
त्याला खलनायक करायचं ठरवूनच गेले होते.
"वाचलं नाही हो," तो म्हणाला, "गिऱ्हाईक खोळंबलं होतं."
आणि आलं जास्त घालून ग्लास पुढे केला,
पैसे घेईना.

अकरा वर्षांचं प्रकरण अजून कोरं आहे.
"आत काय केलंत?"
"सुतारकाम. शाळेचे बाक."
"मग?"
"मग परत बाक."
यातून कथानक कसं काढू?
कुठल्याशा शाळेत एखादं पोर त्यावर
करकटकाच्या टोकाने स्वतःचं नाव कोरत असेल,
त्याला तरी कुठे ठाऊक.

प्रकाशक विचारतात, खरा खुनी शेवटी येतो ना?
येत नाही.
बिबवेवाडीत दरेकरबाईंनी दार फटीएवढंच उघडलं.
"अकरा वर्षं मला एक माणूस होता शिव्या द्यायला," म्हणाल्या,
"तोही तुम्ही नेलात."
दार लावलं. मी जिन्यात बराच वेळ उभी होते.
हे कुठल्या प्रकरणात बसतं, अजून कळलेलं नाही.

हायकोर्टाने लिहिलं : संशयाचा फायदा.
तुम्ही मला विचारलंत, "फायदा म्हणजे किती?"
मी वहीत बघत राहिले.

परवा तुम्ही शिवाजीनगर कोर्टातून आणलेली पिशवी दाखवलीत.
लाखेचे तुकडे, सुतळी, शेलारची सही,
आत तो पाना.
"हा तेराचा आहे," तुम्ही म्हणालात. "माझा चौदाचा होता."
माझं पेन थांबलं. इतकी वर्षं! कोर्टात का नाही सांगितलंत?
"तो हातात कुणी दिलाच नाही. लांबूनच दाखवायचे."

मी मनात शेवटचं पान लिहायला घेतलं होतं,
तेवढ्यात शेजारचा मुलगा सायकल घेऊन आला, चाक डगमगत होतं.
तुम्ही उकिडवे बसलात, नट आवळलात,
पाना पँटला पुसून खिशात टाकलात.
"असू दे," म्हणालात,
"तेराचाही लागतो कधी कधी."