दोनशे चाळीस लिटर

खाणीत आम्ही पाणी कानांनी ओळखायचो.
छतातून ठिबकणारं वेगळं,
भिंतीच्या पोटात चालणारं वेगळं.
आता उजवा कान गेलाय.
डाव्याने बातम्या ऐकतो, अर्ध्यामुर्ध्या.
तरी फेब्रुवारीतल्या त्या रात्री
ऑस्ट्रावात उणे अकरा असताना
मी उठून बसलो.
फिल्टरची धार, जी एरवी पाण्यात गुपचूप मिसळते,
आज चार बोटं उंचावरून पडत होती.

चार बोटं म्हणजे तीस-पस्तीस लिटर.
टेबलाखाली गालिचा नुसता ओलसर.
मग बाकीचं कुठेतरी मुरत होतं.
कुठे, ते दारावरच्या बेलने सांगितलं.

हेडविका शिंडेलारोवा, खालच्या मजल्यावरची.
झोपेच्या झग्यावर ओव्हरकोट,
हातात दुधाचं पातेलं, काठोकाठ.
"तुमचं पाणी," ती म्हणाली.
तळघरातल्या एका सायकलीवरून
नऊ वर्षं आम्ही एकमेकांना पाण्यात पाहत होतो.
आज पाणीच ती वर घेऊन आली होती.
मी पातेलं घेतलं. आत शेवाळाचा एक धागा.
हो, माझंच.

मासे न्हाणीघराच्या टबात गेले.
नाताळचा कार्प ज्यात दोन दिवस पोहतो त्याच टबात
आता निऑन, एंजल, आणि काचेला चिकटून जगणारा
म्हातारा कॅटफिश.
नात फोनवर म्हणाली, आजोबा, यांनाही तळायचं का?
हेडविका टबाच्या काठावर बसून मोजत होती.
"एकोणीस."
"बावीस आहेत."
"एकोणीस. मी पोस्टात होते, मला मोजता येतं."
पहाटे तीनपर्यंत हेच.

टाकी रिकामी झाली तेव्हा चीर दिसली,
डावीकडच्या मागच्या सांध्यात, केसाएवढी.
सतरा वर्षांपूर्वी मी आणि यार्मिलाने मिळून चिकटवलेला सांधा.
ती म्हणत होती, तिथे बुडबुडा राहिलाय.
मी म्हणत होतो, काही होत नाही.
काही व्हायला सतरा वर्षं लागली,
आणि तोवर ती ऐकायला नव्हती.

जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडलं,
सगळं, नखाएवढंही न ठेवता;
जुन्यावर नवं धरत नाही.
स्पिरिटने काच पुसली.
नळीतून नवी रेघ ओढली
आणि अंगठा ओला करून एका दमात फिरवला,
वरपासून खालपर्यंत, न उचलता.
थांबलास की तिथेच फुटेल, हे मला माहीत होतं.
घरभर आंबट वास सुटला,
काकडीच्या लोणच्याची बरणी सांडल्यासारखा.
चार दिवस तो वास आणि मी.

पाचव्या दिवशी वर्तमानपत्रं अंथरून
वीतभर पाणी भरलं. थांबलो.
आणखी वीतभर. बॅटरी घेऊन पालथा पडलो.
कागद कोरडा.
एका जागी ओला दिसला,
तो माझ्याच कपाळाचा घाम होता.

रविवारी रंगाचा डबा घेऊन खाली गेलो.
डाग बरोबर तिच्या पलंगावर होता.
शिडीवर चढलो, आणि तेव्हा कुठे डोक्यात शिरलं:
दोनशे चाळीस लिटर, वर काच, दगड, लोखंडी स्टँड,
आणि त्याच्याखाली ही उशी.
खाणीत आम्ही डोक्यावर आठशे मीटर घेऊन
पाव खायचो. पण आम्हाला त्याचा पगार होता.

"एक सांगायचंय," ती खालून म्हणाली, तक्रारीच्याच सुरात.
"ते चार दिवस वर पंपाची घरघर नव्हती.
मला डोळ्याला डोळा लागला नाही."

मी काही बोललो नाही. ब्रश बुडवला.
दुसऱ्या हातातूनही डाग पिवळा वर येत होता.
"तिसरा हात लागेल," मी म्हणालो.
"मग उद्या या," ती म्हणाली,
"आणि ते पातेलं आणा माझं."