मध्यात खडी ठासू नये

लाकडाला नंतरही सांगता येतं.
खिळा चुकला तर बोटभर सरकून दुसरा ठोका,
जुन्या भोकात खुंटी बसवा, वरून डांबर फिरवा,
पाइन तक्रार करत नाही.
काँक्रीटला सगळं आधी सांगावं लागतं :
रूळ कुठे बसेल, आत किती कलेल,
पकड कुठून शिरेल, पाणी कुठून निघेल.
एकदा ओतलं की ते कुणाचं ऐकत नाही.

असं इर्या केट्टुला म्हणायची, पेन्सिल दातात धरून,
हौकिवाराच्या कारखान्यात, शेडच्या वरच्या खोलीत,
जिथे जानेवारीत दौतीतली शाई घट्ट व्हायची
आणि मी तिच्या रेघा पक्क्या करायचो.
एक हजार पाचशे चोवीस मिलिमीटर.
दोन रुळांमधलं हे अंतर
ती शब्द दिल्यासारखं लिहायची.

खाली साच्यांच्या रांगेत तारा ताणलेल्या असत,
नखानं छेडलं तर सूर लागेल इतक्या.
त्यांच्यावर ओलं काँक्रीट, मग रात्रभर वाफ,
आणि सकाळी तारा कापायच्या.
कापलेली तार आपल्या मूळ लांबीकडे परतू बघते,
परतता येत नाही, म्हणून
भोवतीच्या दगडाला कवटाळून बसते.
"ओढ सुटत नाही," इर्या म्हणायची, "आत जाते फक्त."

आमच्या भाषेत स्लीपरला रुळाचा ओंडका म्हणतात.
काँक्रीटचा ओंडका! गँगवाले हसायचे.
उचलताना हसणं थांबायचं. अडीचशे किलो.
रबराची गादी, तिच्यावर रूळ,
रुळाच्या पायावर पोलादाची वळलेली पकड,
बसताना एकदाच 'टक्' वाजणारी.
खिळा गाडीगणिक केसभर वर येतो,
ही पकड रूळ थरथरला की त्याच्यासोबत थरथरते,
पण सोडत नाही.

पहिल्या हिवाळ्यासाठी चारशे टाकले, एकसष्टाव्या किलोमीटरला.
एप्रिलमध्ये बर्फ उतरलं
आणि सदतीस तडकलेले निघाले,
सगळे बरोब्बर मध्यात, वरच्या अंगाला,
केसाएवढी रेघ.
ऑफिसनं सिमेंटला दोष दिला, सिमेंटवाल्यानं वाळूला,
वाळूचं कुणीच नव्हतं बोलायला.

इर्या ट्रॉलीनं गेली. मी टेप धरायला.
ती पोटावर आडवी झाली, हातमोजे काढून
एकेक खडा उपसत राहिली.
ताव्हेत्ती, गँगचा म्हातारा मुकादम,
टोपी हातात घेऊन उभा.
"मीच भरली," तो म्हणाला. "या टोकापासून त्या टोकापर्यंत.
मूठभरही पोकळ सोडली नाही.
नवी वस्तू, म्हटलं, नीट सांभाळू."

टोकं गाड्यांखाली खचली होती,
मध्य मात्र त्याच्या त्या भक्कम खडीवर टेकून राहिला,
आणि स्लीपर तडकला,
गुडघ्यावर धरून काठी मोडावी तसा.

ती रागावली नाही. तिला राग यायला हवा होता,
मला आला होता.
थर्मासमधली कॉफी तिनं त्याला दिली
आणि कॉफीच्याच पुडक्यावर चितारू लागली :
रुळांखाली रुंद, मध्ये निमुळता.
"याला कंबर देऊ," म्हणाली,
"आणि कंबरेखाली काही भरू नका."
"काही नाही म्हणजे काय भरायचं?"
"काही नाही."
ताव्हेत्ती बराच वेळ पुडक्याकडे बघत राहिला.
चाळीस वर्षांचे हात त्याचे,
त्यांना पोकळी सोडायला कुणी कधी शिकवलं नव्हतं.
पुढे कितीदा पाहिलं मी,
टिकाव सवयीनं मध्याकडे वळायचा,
हवेत थांबायचा,
आणि शिवी घालून माघारी यायचा.

नकाशाच्या कोपऱ्यातली ती सूचना माझ्या अक्षरातली.
तीनदा लिहिली. दोनदा शाई फुटली.

तडकलेल्यांतला एक ताव्हेत्तीनं घरी नेला,
सोनाच्या दाराशी पायरी म्हणून टाकला.
ताव्हेत्ती गेला, इर्याही गेली.
परवा त्याच्या नातीकडे गेलो होतो, त्यावर बसून बूट काढले.
रेघेत शेवाळ धरलंय.
नखानं मापली. तेवढीच आहे,
केसाएवढी.
आतून कुणीतरी अजून ओढून धरलंय.