झीज

उलटा धरला वाडगा. बुडाशी हरीण,
मागे वळून पाहणारं. सही नाही, साल नाही.
मौलमीनचं काम, म्हटलं, फार तर आपल्या रंगूनचं;
हरणं तेव्हा बरेच जण कोरायचे.

दॉ न्वे यी गप्प. छत्री मांडीवर आडवी.

टिचकी मारली, नाद लांबला. चांदी खरी.
तागडीत शहाऐंशी तिकल.
भिंगाखाली वेस्संतर: हत्ती देऊन झालाय,
रथ देऊन झालाय,
आता मुलांचे हात म्हाताऱ्या ब्राह्मणाच्या हातात.
ठोके आतून दिलेले, कडा अजून बोटाला लागतात.

मुलीचा चेहरा तेवढा गुळगुळीत.
नाक नाही, डोळे नाहीत.
वहीत लिहिलं: झीज. पंधरा टक्के वजा.

"तिथं आईचा अंगठा यायचा," त्या म्हणाल्या,
"पहाटे भिक्खूंना भात वाढताना.
म्हणायची, हिला दिसू नये
कुणाला दिलं ते."

पेन थांबलं.
पण गिऱ्हाईक सिंगापूरचं, त्याला चेहरे लागतात.
वजाबाकी तशीच ठेवली.

पैसे दोनदा मोजले त्यांनी.
दारात छत्री उघडता उघडता विचारलं,
तो सिंगापूरवाला भात वाढतो का कुणाला?

काचेत ठेवतो, म्हटलं.