दुसरी पायली

तिकीट साठ रुपये.
तानूमामाने पैसे दोनदा मोजले
आणि चपला काढून हातात घेतल्या.
"राहू द्या पायात, आजोबा," फाटकावरचा मुलगा म्हणाला.
मामा हसला. चपला हातातच.

गुहागरच्या खाली, समुद्र ऐकू येतो पण दिसत नाही
अशा जागी खोतांचं आगर.
चिऱ्याचं दुमजली घर,
ओटीवर झोपाळा, कड्या घासून लख्ख,
'बसू नये' अशी पाटी.
ऋचा नावाची मुलगी माहिती सांगते:
सागवान ब्रह्मदेशाचं, हंड्या बेल्जमच्या,
चारशे पोफळी, साठ माड, जायफळं अकरा.

मामा मान डोलावतो.
हे घर त्याने वरून पाहिलंय,
माडाच्या शेंड्यावरून:
कौलं, खळ्यात वाळणारी आमसुलं,
न्हाणीचा धूर.
आत येतोय तो आज, एकाहत्तराव्या वर्षी.

माजघरात काचेमागे एक पायली.
"फणसाचं लाकूड," ऋचा म्हणते, "हिने कुळांचं भात मोजत."
मामा वाकतो. काचेवर श्वासाचा ढग.
"दुसरी कुटं हाय, बाय?"
"दुसरी?"
"एक घ्यायची, एक द्यायची.
ही द्यायची. घ्यायची जरा पोटुशी व्हती."

पुण्याहून आलेल्यांपैकी कुणीतरी हसलं, मग थांबलं.
ऋचाने वही काढली.
"पोटुशी?" तिने विचारलं.
मामाने शब्द पुन्हा सांगितला, सावकाश,
बाजारात दर सांगावा तसा.

मागे वाडीत पाट कोरडे.
झाडांच्या बुंध्यांना ठिबकच्या काळ्या नळ्या,
रहाटाला हिरवा ऑइलपेंट.
एका वाकड्या पोफळीपाशी मामा उभा राहिला,
दोन बोटांनी ठोकून बघितलं तिला.
"आबान लावलीन ही. आडवी गेली म्हनून
दोन दिसांची मजुरी कापली."
बुंध्यावर पत्र्याचा बिल्ला, नंबर दोनशे सात.

दुकानात विऱ्यांच्या पत्रावळी, दहा नग दोनशे रुपये.
मामाने एक हुंगली
आणि भलत्याच थप्पीवर ठेवली.

एसटीत खिडकीशी बसला. चपला मांडीवर.
शृंगारतळी येईस्तोवर गप्प.
मग एकदम म्हणाला,
"झोपाळा वाजत नाय आता."
मी म्हटलं, तेल घालत असतील.
"करकरला की कळायचं, मालक जागा हाय.
आमी शेंड्यावर हात आवरायचो."

आणि खिडकीबाहेर बघत,
जणू अजून कानोसा घेत,
"आता कळायचं कसं?"